मोठ्या वर्कबुकातील शीटांची व्यवस्था
(गगनबावडा तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपण आज जेथे जमलो आहो, ते पंत अमात्यांच्या बावडा जहागिरीचे गाव. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत राज्याचा जमाखर्च पाहण्याचे काम अमात्यांकडे असे. जुन्या दफ्तरांत कागद रुमालांत बांधून ठेवीत. हवा तो रुमाल वेळेवर हाती आला नाही, तर आतील हिशेब कितीही चोख असला तरी त्याचा उपयोग काय? आपल्या शाळांचे दफ्तर आता संगणकावर आले आहे. परंतु ही अडचण मात्र जशीच्या तशी राहिली आहे.

सातवीपर्यंतच्या एका शाळेचे उदाहरण घ्या. सात इयत्तांची हजेरी, जून ते एप्रिल असे ११ महिने, म्हणजे ७७ शीटे झाली. पोषण आहाराची ११ आणि निकालपत्रकांची ७ मिळवा, ९५ झाली. पडद्याच्या तळाशी एका वेळी त्यांतील दहा-बारांचेच टॅब दिसतात. शिक्षक बाणाच्या खुणेवर बोट ठेवून बसतो आणि 'ऑक्टोबर, इयत्ता चौथी' शोधण्यात मधली सुट्टी संपते.

हा वेळ वाचविण्याचे उपाय सोपे आहेत. कंट्रोलबरोबर पेज डाउन दाबल्यास पुढचे शीट येते, पेज अप दाबल्यास मागचे. दूर जावयाचे असल्यास टॅबांच्या डाव्या अंगास जे दोन लहान बाण आहेत, त्यांवर माउसची उजवी कळ दाबावी. सर्व शीटांची यादी उघडते. हवे ते नाव निवडावे. मी स्वतः हे कित्येक वर्षांनी शिकलो, हे कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही.

परंतु यादीत 'शीट १', 'शीट २', 'शीट २ नवीन' अशीच नावे असतील, तर यादी उघडून तरी काय मिळणार? नाव ३१ चिन्हांपर्यंतच देता येते आणि त्यात तिरकी रेघ चालत नाही. मराठीत काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही चिन्हे वेगळी मोजली जातात. 'विद्यार्थी' हा शब्द आपल्या लेखी तीन अक्षरांचा. यंत्राच्या लेखी दहा चिन्हांचा. म्हणून 'इ४ ऑक्टो हजेरी' असे आटोपशीर नाव द्यावे. नाव युनिकोड मराठीतच लिहावे. जुन्या फॉन्टच्या पद्धतीने टाइप केलेले नाव टॅबवर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखे दिसते. प्रत्येक इयत्तेच्या टॅबांना एक रंग दिल्यास नजरेस आणखी सोयीचे होते.

सर्वांत पहिले शीट अनुक्रमणिकेचे असावे. त्यात शीटांची नावे एकाखाली एक लिहून कंट्रोल व के या कळांनी प्रत्येक नावास त्या त्या शीटचा दुवा जोडावा. येथे एक सावधगिरी हवी. शीटचे नाव मागाहून बदलले, तर सूत्रे आपोआप सुधारतात. हे दुवे सुधारत नाहीत. तेव्हा आधी नावे कायम करावी, मग दुवे जोडावे.

आता ज्यासाठी मी मुद्दाम उभा राहिलो, त्या गोष्टीकडे येतो. शाळेचे नाव सर्व शीटांवर एकदम लिहिता यावे म्हणून सर्व शीटे एकत्र निवडण्याची सोय आहे. सोय उत्तम; पण त्या अवस्थेत एका शीटवर जे लिहावे, ते सर्वांवर त्याच चौकटीत उमटते. मी शिक्षक असताना सात इयत्तांच्या सात शीटांवर मुलांची नावे व जन्मतारखा ठेवल्या होत्या. मथळा लिहून झाला, आणि निवड सोडण्याचे विसरून मी तिसरीतील एका मुलीची जन्मतारीख दुरुस्त केली. फाइल जतन करून बंद केली. सात इयत्तांतील सात मुले त्या क्षणी एकाच दिवशी जन्मलेली झाली! पुढे सातवीतील एका मुलाचे वडील शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास आले. तारीख पाहून ते म्हणाले, "गुरुजी, माझा पोरगा एवढा लहान कसा झाला?" कागदी जनरल रजिस्टर कपाटात होते, म्हणून निभावले. त्या गृहस्थांना वाचता आले नसते, तर ती चुकीची तारीख त्या मुलाला जन्मभर पुरली असती.

म्हणून लिहिण्यापूर्वी पडद्याच्या माथ्यावर पाहावे. फाइलच्या नावापुढे 'ग्रुप' हा शब्द दिसला, तर हात आवरावा. टॅबवर उजवी कळ दाबून 'अनग्रुप शीट्स' निवडावे आणि मगच लिहावे.

तसेच, काढून टाकलेले शीट कंट्रोल व झेड दाबून परत येत नाही. नको असलेले शीट लपवावे, पुसू नये. सर्व मांडणी झाल्यावर 'रिव्ह्यू' मधून 'प्रोटेक्ट वर्कबुक' केले, म्हणजे कोणाच्या हातून चुकून शीट पुसले जाणार नाही, की त्याचे नाव बदलणार नाही.

कोणी विचारील, इतकी शीटे हवीतच कशाला? प्रश्न रास्त आहे. १९७९ साली निघालेल्या व्हिसिकॅल्कमध्ये एकच शीट असे. एक्सेलच्या २००७ पासूनच्या आवृत्त्यांत एका शीटवर १०,४८,५७६ ओळी व १६,३८४ स्तंभ आहेत. आपल्या साऱ्या तालुक्याची लोकसंख्या त्यावर मावेल. पोषण आहाराची नोंद महिनावार अकरा शीटांवर करण्यापेक्षा एकाच शीटवर तारखेनुसार खाली खाली करीत जावे आणि हवा तो महिना फिल्टरने पाहावा. पहिली ते पाचवीस दर मुलामागे १०० ग्रॅम व सहावी ते आठवीस १५० ग्रॅम तांदूळ, हा हिशेब तेथे सलग लागतो. मागील महिन्याची शिल्लक पुढील शीटवर उतरविताना होणारी चूक मुळातच टळते. नव्या वर्षाची फाइल मात्र वेगळी असावी.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. दर नोंदीनंतर फाइल जतन करावी व आठवड्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती शाळेबाहेर ठेवावी. बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकाने कपाटाच्या किल्ल्यांबरोबर ही अनुक्रमणिकाही नव्या शिक्षकास समोर बसून दाखवावी व संरक्षणाचा परवलीचा शब्द मुख्याध्यापकांकडे बंद लखोट्यात द्यावा.

ज्यांनी आपल्या शाळेची फाइल बरोबर आणली आहे, त्यांनी जेवणानंतर पुढील बाकांवर बसावे. अनुक्रमणिकेचे पहिले शीट आपण येथेच तयार करू.