रिकामा फलाट कोणाचा?

पिंपरीच्या संत तुकाराम नगराजवळच वल्लभनगरचे एस. टी. स्थानक आहे. तेथे काय, किंवा तुमच्या तालुक्याच्या स्थानकावर काय, गाडी गाठायची तर दोन गोष्टी ठाऊक हव्यात. स्थानक कोणते आणि फलाट कितवा? नुसते स्थानक सांगितले तर पाहुणा आवारात येईल, पण चुकीच्या गाडीपुढे उभा राहील.

संगणकांचेही तसेच आहे. जाळ्यावरच्या संगणकाला पत्ता असतो खरा. पण त्या एकाच पत्त्यावर टपाल, संकेतस्थळ, फाइलींची देवघेव अशी नाना कामे एकदम चालतात. आलेला निरोप कोणत्या कामाचा, हे कळावे म्हणून त्यावर एक आकडाही घालतात. त्याला म्हणायचे पोर्ट. आपण फलाटच म्हणू या. हे आकडे 0 पासून 65535 पर्यंत. इतकेच का बरे? कारण निरोपात या आकड्यासाठी 16 बिटांचीच जागा राखली आहे, आणि दोनचा सोळावा घात होतो 65536. गुरुजींनी हे फळ्यावर जरूर करून दाखवावे.

कोणते काम कोणत्या फलाटावर, याची वही 'आयाना' हे नोंदणी-कार्यालय ठेवते. टपाल 25 वर, सुरक्षित संकेतस्थळ 443 वर, कारखान्यातली यंत्रे आपसात बोलतात ती मॉडबस नावाची बोली 502 वर. 1023 पर्यंतचे आकडे अशा जुन्या, सर्वमान्य कामांचे. 1024 ते 49151 हे अर्ज केल्यावर मिळणारे. त्यापुढचे कोणालाच कायमचे देत नाहीत. ते घटकाभर वापरून सोडून द्यायचे.

खरी गंमत मधल्या भागात आहे. तेथे पुष्कळ आकडे वहीत कोणाच्याच नावे नाहीत. कार्यक्रम लिहिणारा पाहतो, जागा मोकळी आहे, आणि बसतो! त्याला कोणी हटकत नाही. संगणक ती वही उघडूनही पाहत नाही. त्याचा नियम साधा: एका पत्त्यावर, एका वेळी, एका फलाटावर एकच गाडी. दुसरी आली की 'पत्ता आधीच वापरात आहे' असे सांगून तो तिला परत लावतो.

पण न विचारता बसलेल्याचा त्रास पुढच्यांना होतो. जाळ्याच्या दारात नाव आणि परवलीचा शब्द तपासणारी 'रेडियस' नावाची व्यवस्था आहे. ती सुरुवातीला 1645 या आकड्यावर बसवली गेली. वहीत तो आकडा दुसऱ्याच कामाच्या नावे होता! मग रेडियसला 1812 हा रीतसर आकडा मिळाला. तोवर जुनी यंत्रे जागोजागी लागलेली. एका टोकाला 1645 आणि दुसऱ्या टोकाला 1812 राहिले, तर परवलीचा शब्द बरोबर असूनही दार उघडत नाही, आणि बिचारा माणूस आपलाच शब्द पुन्हा पुन्हा टंकत बसतो.

याउलट फिनलंडच्या तातू यलोनेन यांचे पाहा. 1995 साली त्यांनी दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्याची 'एसएसएच' ही सोय तयार केली. जुन्या टेलनेटचा आकडा 23, फाइली पाठवण्याचा 21. मधला 22 मोकळा होता. त्यांनी आयानाला पत्र धाडले आणि दुसऱ्याच दिवशी तो आकडा त्यांना मिळाला. एका पत्राचे काम!

आणखी एक सांगतो. आकडा म्हणजे ओळखपत्र नव्हे. 443 वर कोणीही काहीही बसवू शकतो. कारखान्याच्या जाळ्याचा पहारेकरी नुसता आकडा पाहून आत सोडत असेल, तर त्याने फलाटाची पाटी वाचली, गाडीत कोण आहे ते पाहिले नाही.

कार्यक्रम लिहिणाऱ्यांना एक सोयही आहे. ठरावीक आकडाच हवा असे नसेल, तर संगणकाकडे 0 मागावा. तो स्वतःच मोकळा आकडा शोधून देतो. ठरावीकच हवा असेल, तर निदान तो बदलण्याची सोय ठेवावी.

शाळेत विंडोज असलेला आणि जाळ्याला जोडलेला संगणक असेल, तर त्याच्या आज्ञा देण्याच्या काळ्या खिडकीत 'नेटस्टॅट', मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि 'एन' हे इंग्रजी अक्षर टंकून पाहा. प्रत्येक पत्त्यापुढे आपल्या विसर्गासारखी दोन टिंबे दिसतील, त्यापुढे आकडा. पलीकडे बहुधा 443 असेल आणि अलीकडे 49152 किंवा त्याहून मोठा, म्हणजे तुमच्या संगणकाने आत्ताच घटकाभरासाठी उचललेला.