कुंभकर्णाचा पत्ता

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावर बसलेले आमचे सर आणि बाई, आणि समोर बसलेल्या, आता ओळखू न येणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'आपल्या वर्गाचा कवी' म्हणून बोलावलं आहे. गैरसमज नको. माझा एकही कवितासंग्रह नाही. बँकेत पैसे भरायच्या स्लिपांच्या मागे चार-चार ओळी लिहिल्या, सोसायटीच्या गणपतीत वाचल्या, एवढीच माझी साहित्यसेवा. विषयही घरचेच. बिबवेवाडीत राहायचं आणि मार्केट यार्ड जवळ आहे म्हणून पिशव्या घेऊन निघायचं, हा आपल्या सगळ्यांचा जुना रोग. त्यावरची ही एक:

स्वस्त म्हणून यार्डातून मी आणल्या वीस जुड्या,
मेथीची भाजी, मेथीचे पराठे, पुन्हा उद्या वड्या.
सहाव्या दिवशी पाहुणे आले, वास लागला दारी,
आठवला मग चौघांनाही उपवास सोमवारी!

आणि ही दुसरी, गेल्या पावसाळ्यातली. स्वारगेटहून घरी येताना घडलेली, शंभर टक्के खरी:

अप्परच्या त्या बसमध्ये मज पोरीने दिली जागा,
'बसा आजोबा' म्हणता वळलो, आजोबा कुठे, सांगा?
मागे नव्हते कुणीच, तेव्हा कळले सारे मजला,
कालच फासला कलप सारा पाण्यामध्ये गेला!

तुम्ही हसलात, बरं वाटलं. आता विचाराल, हा माणूस सारखा स्वतःवरच का लिहितो? त्याचं उत्तर आपल्या वर्गात आहे. ते सांगायलाच आज उभा राहिलोय.

नववीत बाईंनी आपल्याला आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'ची ओळख करून दिली होती, आठवतंय? अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने 1925 साली ते पुस्तक काढलं आणि रविकिरण मंडळातल्या कवींची टोपी उडवली. त्यातल्या 'प्रेमाचा गुलकंद'मध्ये रोज गुलाब नेऊन देणाऱ्या प्रियकराच्या पदरी शेवटी गुलकंद पडतो. बाईंनी ती वाचली तेव्हा अख्खा वर्ग बाकांवर हात आपटत हसला होता. सासवडच्या बाजूचा माणूस एवढं हसवतो, तर बिबवेवाडीचा का नाही, असं मला वाटलं. मी वही काढली.

आपल्या वर्गात एक मुलगा रोज उशिरा यायचा. नाव सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे, आणि तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. सकाळची शाळा, पहिला तास संपत आला की हा दारात. त्याच्यावर मी चार ओळी केल्या आणि 1985 च्या स्नेहसंमेलनात माइकवर वाचल्या:

घंटा होते, तास सरतो, मग येते ही स्वारी,
अर्धे डोळे मिटून उभी वर्गाच्या ह्या दारी.
गजर होता कूस बदलतो, सात वाजता न्हातो,
कुंभकर्णही याच्या घरी शिकवणीला जातो!

काय टाळ्या पडल्या! आयुष्यात तेवढ्या टाळ्या मला पुन्हा मिळाल्या नाहीत. तोही हसला. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

दोन महिन्यांनी आमच्या घरी धाकट्या भावाची मुंज होती. रविवारी पहाटे वडिलांबरोबर मी यार्डात भाजी घ्यायला गेलो. अजून अंधार होता. गाळ्यांवर दिवे, ट्रक रिकामे होत होते, हमालांची धावपळ चाललेली. बटाट्याची गोणी पाठीवर घेऊन एक माणूस आला आणि त्याच्यामागे, तशीच गोणी घेऊन, एक मुलगा. मी वाटेतच उभा होतो. मान खाली असल्याने त्याला आधी फक्त माझे पाय दिसले असावेत. मग त्याने वर पाहिलं. म्हणाला, "बाजूला हो, लागेल." आणि पुढे गेला.

सोमवारी पहिला तास संपत आला, तो दारात उभा राहिला आणि मागच्या बाकांवरून आरोळी आली, "कुंभकर्ण आला!" सगळे हसले. तुम्ही हसलात. तुम्हाला माहीत नव्हतं, तुमचा दोष नाही. मला माहीत होतं. मी हसलो नाही, पण तोंडही उघडलं नाही. दहावी होईपर्यंत, म्हणजे 1987 पर्यंत, त्याचं ते नाव कायम राहिलं आणि मी गप्पच राहिलो.

त्यानंतर बरीच वर्षं मी काही लिहिलं नाही. पुढे पुन्हा लिहू लागलो तेव्हा एकच नियम केला. ज्याच्यावर हसायचं तो माणूस पूर्ण माहितीचा हवा, आणि असा माणूस मला एकच सापडला. हे काही माझं संशोधन नाही. इथून तासा-दीड तासावर देहू आहे. तुकोबांनी आपलं दुकान बुडालं, दिवाळं वाजलं, दुष्काळात बायको गेली, हे सगळं स्वतःच अभंगांतून सांगून ठेवलं. गावाने बोलण्याआधी आपणच बोलून मोकळं व्हायचं, ही रीत आपल्या भाषेत तेव्हापासूनची. बहिणाबाई चौधरींनी चूल, जातं, शेत यांच्यावरच किती गाणी रचली. आपल्या काळात अशोक नायगावकरांनी भाजीपाल्यावर कविता ऐकवून सभागृहं हसवली. रामदास फुटाण्यांनी शाळेतली प्रतिज्ञा घेतली, तिच्यात 'कधी कधी' हे दोनच शब्द घातले आणि 'भारत कधी कधी माझा देश आहे' असा अख्खा कार्यक्रम उभा केला. या सगळ्यांत आणि नववीतल्या माझ्यात फरक कौशल्याचा आहेच, पण तो सोडा. ते आपल्या घरात, आपल्या देशात उभे राहून बोलत होते. मी दुसऱ्याच्या घरात डोकावलोही नव्हतो, आणि त्याच्या झोपेवर कविता केली होती.

मेळाव्याची तारीख ठरली तेव्हा त्याचा फोन आला. दहावीनंतर पहिल्यांदाच. म्हणाला, "माझ्यावरची ती कविता आहे का रे तुझ्याकडे?" मी म्हटलं, फाडून टाकली. तो म्हणाला, "मला पाठ आहे." आणि त्याने चारही ओळी न अडखळता म्हणून दाखवल्या. मघाशी मी वाचल्या त्या त्याच्याकडून लिहून घेतलेल्या आहेत.

मला काय बोलावं ते सुचेना. मी माफी मागायला लागलो, तर मध्येच तोडून म्हणाला, "ते राहू दे. तिसरी ओळ चूक आहे, तेवढी दुरुस्त कर. आमच्याकडे गजराचं घड्याळ नव्हतं. बाप हलवून उठवायचा, तीन वाजता."

मी विचारलं, "तेव्हा हसलास का मग?"

तो म्हणाला, "सगळे हसत होते. मी एकटा कसा बसू?"

मंडळी, एवढी वर्षं मी स्वतःवर हसून हिशेब चुकता केला अशी माझी समजूत होती. त्या फोनने कळलं, की मूळ रक्कम तशीच आहे. ती इथेच, याच माइकवर, तुमच्यासमोर भरायला हवी होती. म्हणून दुरुस्त प्रत वाचतो. मित्रा, तपासून घे:

तीन वाजता उठला राजा, पाठीवरती गोणी,
झोप कशाची, पुसले नाही आम्हांपैकी कोणी.
आई हाका मारत होती, कवी घोरत होता,
कुंभकर्ण तो मीच होतो, चुकला होता पत्ता!

या वेळी टाळ्या वाजवू नका. आणि तू, तिसऱ्या रांगेतल्या, सगळे हसले तरी तू हसलाच पाहिजेस असं नाही. जेवणाच्या वेळी मी तुझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवतो. उशीर झाला तरी चालेल.