ध्वनिमुद्रणातील अंतर आणि प्रमाण
(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेले व्याख्यान)



ग्रंथालयाच्या शताब्दीत ध्वनिमुद्रणाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ग्रंथ जे शब्दासाठी करतो तेच ध्वनिमुद्रिका स्वरासाठी करते. उच्चारताक्षणी विरून जाणारी गोष्ट पुढच्या पिढीच्या हाती सोपवायची, हे दोघांचेही कार्य आहे. त्या कार्यात यंत्रापेक्षाही एक निर्णय मोलाचा असतो : गाणाऱ्यापासून मायक्रोफोन किती अंतरावर ठेवावा? आजचे माझे बोलणे मुख्यतः या एका प्रश्नाभोवती आहे.

आरंभ आपल्या शेजारापासूनच करू. 'महल' हा चित्रपट १९४९ साली प्रदर्शित झाला. त्याचे नायक अशोककुमार आपल्या शेजारच्या खंडव्यात वाढलेले. त्यातील 'आएगा आनेवाला' या गीताचा प्रारंभ दुरून येणाऱ्या आणि हळूहळू जवळ येणाऱ्या आवाजाने व्हावा, अशी कल्पना होती. मालाडच्या स्टुडिओत मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला गेला आणि लता मंगेशकर कोपऱ्यातून गात गात, एकेक पाऊल टाकीत त्याच्यापाशी आल्या. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे मुलाखतींतून सांगितली आहे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आवाज आधी लहान ठेवून मग मोठा करता आला असता. येथेच या शास्त्राचे मर्म आहे. दूरचा आवाज म्हणजे केवळ लहान आवाज नव्हे. गाणारा दूर असतो तेव्हा त्याचा थेट आवाज मायक्रोफोनपर्यंत क्षीण होऊन पोहोचतो. अंतर दुप्पट झाले की तो सुमारे सहा डेसिबलनी उतरतो. मात्र भिंतींवरून परतणारा निनाद खोलीभर जवळपास तितकाच राहतो. थेट आवाज आणि निनाद यांचे हे बदलते प्रमाण कान ओळखतो आणि त्यावरून अंतराचा अंदाज करतो. खोलीत चालत येण्याने जे साधले ते केवळ आवाज वाढवून साधले नसते.

याची प्रचीती घ्यायला स्टुडिओत जाण्याची गरज नाही. आपल्या बुऱ्हाणपुरात दगडी घुमटांना तोटा नाही. अशा एखाद्या घुमटाखाली एक टाळी वाजवा आणि घरी येऊन गाद्यागिरद्या, सतरंजी व पडदे असलेल्या खोलीत तशीच टाळी वाजवा. हात तेच, टाळी तीच. परंतु एकीकडे ती रेंगाळते आणि दुसरीकडे तत्काळ विझते. ध्वनिमुद्रणात गायकाबरोबर खोलीही गात असते, हे विसरून चालत नाही.

मायक्रोफोन येण्यापूर्वीची स्थिती निराळी होती. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित झाले, तेव्हा कलावंताला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. आवाजाच्याच जोराने सुई हाले आणि मेणावर रेषा कोरली जाई. हळुवारपणाला तेथे जागा नव्हती आणि तबकडीच्या एका बाजूला अवघी तीन-साडेतीन मिनिटे मिळत. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि कुजबुजही टिपता येऊ लागली. १९३० नंतर आपल्याकडे भावगीत बहरले, त्यामागे कवींचे आणि गायकांचे कर्तृत्व आहेच. पण हळू आवाजात, एखाद्याच्या कानाशी बोलावे तसे गाण्याची सोय या नव्या तंत्राने करून दिली, हेही तितकेच खरे. जी. एन. जोशी यांच्यासारख्या भावगीतगायकाने पुढे हिज मास्टर्स व्हॉइसमध्ये ध्वनिमुद्रणाची धुरा सांभाळली, हा मला मोठा सूचक योग वाटतो.

आता मिश्रणाकडे, म्हणजे ज्याला आपण मिक्सिंग म्हणतो त्याकडे वळू. जेव्हा मोजकेच मायक्रोफोन होते, तेव्हा मिश्रण बैठकीतच होत असे. कोणते वाद्य पुढे बसवावे, कोणते मागे सरकवावे, यावर सारा समतोल अवलंबून असे. एकदा मुद्रण झाले की तबला वेगळा काढून कमी करता येत नसे. पुढे अनेक ट्रॅकची यंत्रे आली. बीटल्सचा १९६७ सालचा गाजलेला 'सार्जंट पेपर' हा संग्रह चार ट्रॅकच्या यंत्रांवर तयार झाला होता. आज साध्या संगणकावर शंभर ट्रॅक सहज मिळतात. वादक आज वाजवतो, गायक महिन्याने गातो आणि दोघांची भेटही होत नाही. चूक दुरुस्त करण्याची सोय झाली, हा लाभ मोठा आहे. परंतु समेवर येताना तबलजीने गायकाच्या डोळ्यांकडे पाहावे आणि दोघांनी मिळून श्वास घ्यावा, ही गोष्ट मात्र कोणत्याही मिश्रणात मागाहून घालता येत नाही.

मिश्रणाचा पहिला नियम आपल्या परंपरेला परिचित आहे : शब्द कळला पाहिजे. १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 'गीतरामायणा'ची छप्पन्न गीते प्रसारित केली. गदिमांचे शब्द सुधीर फडके यांच्या स्वररचनेत घरोघरी पोहोचले, ते एकेक अक्षर स्वच्छ ऐकू येत होते म्हणूनच. दुसरा नियम असा, की वाढविण्याआधी कमी करून पाहावे. गायकाचा आवाज दबला तर तो वाढविण्याचा मोह होतो. वास्तविक दोष बहुधा पेटीचा असतो, कारण तिचे स्वर गळ्याच्याच पट्टीत वावरतात. पेटी थोडी उतरविली की गळा आपोआप वर येतो. तिसरा नियम निनादाचा. तो मिठाप्रमाणे वापरावा. असल्याचे जाणवू नये, नसल्याचे मात्र जाणवावे.

आणि या सर्वांच्या वरचा नियम : जे टिपलेच नाही ते मिश्रणाने निर्माण होत नाही.

मंडळी, हे सारे आपल्याला का सांगावे? आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ओव्या, भूपाळ्या, अभंग गाणारी आजी किंवा आत्या आहे. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, निमाडीच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठीचे वळण त्या गळ्यांत आहे. ते छापील पुस्तकात उतरत नाही. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल हे ध्वनिमुद्रणाचे यंत्रच आहे, आणि तरीही आपण ते गाणे लग्नघराच्या गलबल्यात, पंख्याच्या घरघरीत टिपतो.

म्हणून माझी विनंती ऐका. गाद्या-पडद्यांची खोली निवडा. पंखा बंद करा. मोबाइल हातात न धरता दीड हातावर, मऊ कापडावर ठेवा. आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी टोकाला भिडू देऊ नका, कारण संगणकीय ध्वनिमुद्रणात मर्यादा ओलांडलेला आवाज फाटतो आणि तो पुन्हा सांधता येत नाही. आरंभी गाणारीचे नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून वदवून घ्या. गौहरजानही तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत असत. परदेशातील कारखान्याला तबकडी कोणाची हे कळावे, एवढाच हेतू होता. आज तो उच्चार इतिहास झाला आहे. ती मध्येच थांबली, खोकली, हसली तरी ते पुसू नका. खरखर काढायची असेल तर प्रतीवर काढा. मूळ जसेच्या तसे ठेवा.

केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, आणि आजही त्या सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे प्रवास करीत आहेत. साडेतीन मिनिटे नीट टिपली की ती एवढ्या दूर जाऊ शकतात. आपल्या आजीच्या ओवीला या वाचनालयाच्या कपाटापर्यंतच यायचे आहे. ते अंतर तर आपल्या पावलांचे आहे.

वाचनालयाने ग्रंथांशेजारी आवाजांसाठीही एक कप्पा राखावा, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.