कुलूप दोन्ही बाजूंनी तपासा

आज बोलायचं आहे इमारतीच्या दाराबद्दल. आम्ही पाच जणी एका नोकरदार महिला वसतिगृहात राहतो. रात्रपाळीच्या नर्सपासून बँकेतल्या ताईंपर्यंत सगळ्या इथे आहेत, त्यामुळे ये-जा चोवीस तास. दाराला कार्ड लागतं, कॅमेरे आहेत, वॉचमनकाका आहेत. पण हे सगळं खरंच चालतं का? ते एका शनिवारी आम्ही तपासून पाहिलं.

आधी व्यवस्थापिकाबाईंची लेखी परवानगी घेतली. हे विसरू नका. परवानगीशिवाय केलेली तपासणी म्हणजे घुसखोरीच, हेतू कितीही चांगला असो. आणि कुणाला तोंडघशी पाडायचं नाही, हेही आधीच ठरवलं.

पहिली तपासणी माणसांची. आमच्यातल्या एकीच्या बहिणीला इथे कुणी ओळखत नाही. तिच्या दोन्ही हातांत खोकी देऊन तिला संध्याकाळी दाराशी पाठवलं. पुढच्या मुलीने दार धरून ठेवलं, वर ‘सावकाश या ताई’ म्हणाली. तीनदा पाठवलं, तिन्ही वेळा ती आत. यात त्या मुलींचा दोष नाही. मागून येणाऱ्याच्या तोंडावर दार लावायचं नाही, हेच आपण लहानपणापासून शिकतो. म्हणून आता दारावर पाटी लावली आहे : ‘सोबत आलात तरी प्रत्येकीने आपलं कार्ड लावावं.’ पाटीकडे बोट दाखवलं की वाईटपणा कुणाकडेच येत नाही.

दुसरी तपासणी कार्डांची. चालू कार्डांची यादी काढून ती राहणाऱ्यांच्या रजिस्टरशी ताडून पाहिली. सोडून गेलेल्या मुलींची, काम संपवून गेलेल्या इलेक्ट्रिशियनचीही कार्डं चालूच होती! ती त्याच दिवशी बंद केली. आणखी एक. जुन्या पद्धतीचं कार्ड यंत्राला फक्त आपला नंबर सांगतं, आणि त्याची नक्कल सहज करता येते. नवीन यंत्रणा घेताना ‘कार्डाची नक्कल होते का?’ हे विक्रेत्याला नक्की विचारा.

तिसरी तपासणी विजेची. अशा दारांना बऱ्याचदा चुंबकाचं कुलूप असतं. वीज आहे तोवर चुंबक दार धरून ठेवतो, वीज गेली की सोडतो. आम्ही भरदुपारी मेन स्विच बंद केला. बॅटरी दहा मिनिटंही टिकली नाही आणि दार नुसत्या धक्क्याने उघडलं. बॅटरी जुनी झाली होती. ती बदलली, आणि दर तीन महिन्यांनी तपासायची असं वहीत लिहून ठेवलं.

चौथी तपासणी आतून. ही बहुतेक ठिकाणी राहूनच जाते. आमच्या मागच्या जिन्याला रात्री दहानंतर टाळं लागायचं, किल्ली खाली केबिनमध्ये. कारण काय, तर मुलींची सुरक्षितता. पण आग लागली तर तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने किल्ली आणायला धुरातून खाली जायचं का?

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. चोरी होऊ नये म्हणून नवव्या मजल्यावरचं जिन्याचं एक दार कुलूपबंद ठेवलेलं होतं. त्या आगीत १४६ जीव गेले. त्यात बहुतेक तरुण कामगार मुली होत्या. आपली २०१६ची राष्ट्रीय बांधकाम संहिताही सांगते, की बाहेर पडण्याचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे.

हे सगळं आम्ही बैठकीत मांडलं. सुरुवातीला ‘मुली रात्री बाहेर जातील’ असा सूर निघाला. आम्ही एवढंच म्हणालो, की मुली कधी जातात-येतात हा नियमांचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर टाळ्याने देऊ नका. आता तिथे आतून दांडा दाबला की उघडणारं दार आहे. ते उघडलं की केबिनमध्ये घंटा वाजते. बाहेरून मात्र ते उघडत नाही. आग लागल्याचा इशारा झाला, की मुख्य दाराच्या चुंबकाची वीजही आपोआप तुटते.

मैत्रिणींनो, तुमची सोसायटी असो, मुलीचं हॉस्टेल असो की कामाची जागा, दोन प्रश्न जरूर विचारा. परक्याला आत यायला किती सोपं आहे? आणि आपल्याला बाहेर पडायला किती अवघड आहे? दुसऱ्याचं उत्तर ऐकायला नाही, बघायला जा. जिन्याशी जाऊन दार स्वतःच्या हाताने ढकलून पाहा.