पाटीवरचं नाव आणि पाटीमागचे हात

लोणच्याची चिनी मातीची बरणी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. आज आम्ही बोलणार आहोत चीनमधल्या चित्रं काढलेल्या चिनी मातीच्या पाट्यांविषयी. जुनी पाटी समोर आली, तर ती कोणाच्या हातची हे कसं ओळखतात?

चीनच्या जिआंगशी प्रांतात जिंगदेजेन हे शहर चिनी मातीच्या कामासाठी शेकडो वर्षं नावाजलेलं आहे. सपाट पाटी भट्टीत वाकते, तडकते. म्हणून मोठी, सरळ पाटी मोलाची. झिलई चढवून भाजलेल्या पाटीवर चित्रकार रंग भरायचे आणि ती पुन्हा कमी आचेवर भाजायचे. मग ती चौकटीत बसवून भिंतीवर लावत.

१९२८ च्या सुमारास वांग ची या चित्रकाराच्या पुढाकाराने तिथे एक गट जमला. आपल्या बचत गटासारखीच त्यांचीही महिन्याची बैठक असे, पौर्णिमेच्या सुमारास. 'झूशानचे आठ मित्र' म्हणून ते ओळखले जातात. प्रत्येकाचा हातखंडा वेगळा. वांग चीची माणसं, देंग बिशानचे मासे, हे शूरेनचं बर्फातलं रान.

मग पाटीवरचं नाव वाचलं की झालं? नाही. नाव कोणीही लिहू शकतं. नामवंतांच्या नकला तेव्हाही झाल्या, आजही होतात. सालाचंही तसंच. आपल्या साठ संवत्सरांसारखं त्यांचंही साठ वर्षांचं चक्र आहे. त्यामुळे १९२८ आणि १९८८ या दोन्ही वर्षांचं नाव एकच!

म्हणून जाणकार आधी भिंगातून बघतात. सारखे बारीक ठिपके दिसले तर ते छापील. हाताच्या कामात कुंचल्याची ओढ दिसते. मग पाटीची मागची बाजू, अक्षराचं वळण आणि शिक्का तपासतात. शेवटी खात्रीच्या पाटीशेजारी ठेवून डोळे, पानं, खवले कसे काढलेत ते ताडून बघतात. आपण नाही का, भाकरी बघून ती कोणी थापली ते सांगत?

एवढं करूनही खात्री नसेल, तर प्रामाणिक जाणकार 'अमक्याचं काम' म्हणत नाही. 'बहुधा अमक्याचं', 'त्याच्या कारखान्यातलं' किंवा 'त्याच्या धाटणीचं' असं म्हणतो. या शब्दांनी किमतीत मोठा फरक पडतो. म्हणून विकत घेणाऱ्याने आधी हा शब्द नीट वाचावा.

'कारखान्यातलं' म्हणजे हलकं, असं मात्र समजू नका. माती मळणारे, पाटी करणारे, भट्टी सांभाळणारे, रंग भरणारे शिष्य, असे कितीतरी हात त्या एका नावामागे असत. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. आज कितीही भिंगं लावली तरी ती सापडत नाहीत.

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या गोधडीवर, पापडाच्या पाकिटावर गटाचं एकच नाव असतं. ते असू द्या. पण कोणती वस्तू कोणी केली, हे गटाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढे कोणी विचारलं, तर उत्तर आपल्याच अक्षरात मिळेल.