मोबाइलचा लुकलुकता उजेड आणि आपले डोळे

आम्ही औंध परिसरातल्या बचत गटांच्या समन्वयक. आता गटाचा हिशोब वहीबरोबर मोबाइलवरही भरावा लागतो. दिवसभर रानात आणि घरात राबून, रात्री निजानीज झाल्यावर आपण तो भरायला बसतो. मग बैठकीत ऐकू येतं, "डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकतं." काही सचिवताई तर म्हणतात, "डोळे जायचे, त्यापेक्षा हे काम दुसरीला द्या." आपल्या पैशाचा हिशोब असा भीतीपोटी हातातून सुटू नये, म्हणून आज या विषयावर बोलू या.

मोबाइलचा उजेड आपल्याला एकसारखा वाटतो. पण काही मोबाइलमध्ये तो एका सेकंदात सुमारे २४० वेळा पेटतो आणि विझतो. कंदिलाची वात खाली केली की ज्योत बारीक होते. हे मोबाइल तसं करत नाहीत. उजेड कमी केला की ते प्रत्येक वेळी जास्त वेळ विझलेले राहतात. म्हणजे पडदा जितका मंद, तितकी ही लुकलुक जास्त.

पौषात यमाईच्या यात्रेला दुकानांवर दिव्यांच्या माळा असतात. त्यांच्यावरून नजर झटकन फिरवून बघा. कधी कधी एकाच दिव्याच्या जागी ठिपक्यांची रांग दिसते. तो दिवा लुकलुकतो म्हणून तसं दिसतं. मोबाइल तपासायचा असेल तर दुसऱ्या मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा. काळे पट्टे सरकताना दिसले तर उजेड लुकलुकतोय असं समजा.

याचा त्रास होतो का? काहींना होतो. जुनी चोकवाली ट्यूब आपल्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. ब्रिटनमध्ये एका कार्यालयात अशा ट्यूबांच्या जागी लुकलुक जवळजवळ नसलेले दिवे लावून पाहिले. कोणता दिवा कधी लावला, हे कर्मचाऱ्यांना सांगितलं नव्हतं. तरी डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे डोळ्याला न दिसणारी लुकलुकही डोकं दुखवू शकते. अर्धशिशी असणारीला ती जास्त जाणवते. पण तिच्यानं दृष्टी जाते, असा पुरावा नाही. तेव्हा ती भीती मनातून काढून टाका.

डोळ्याला दिसणारी लुकलुक मात्र वेगळी. १९९७ साली जपानमध्ये टीव्हीवरच्या 'पोकेमॉन' या कार्टूनमध्ये लाल-निळा उजेड सेकंदाला सुमारे १२ वेळा चमकला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. घरात कुणाला फिट येत असेल तर असा चमचमाट टाळा. आणखी एक गोष्ट. लुकलुकत्या दिव्याखाली कडबाकुट्टीचं फिरतं चाक कधी कधी थांबल्यासारखं दिसतं. बटण बंद केल्याशिवाय तिथं हात घालू नका.

पण मैत्रिणींनो, डोळे दुखले की दरवेळी लुकलुकीलाच दोष देऊ नका. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे बघताना ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. डोळा कोरडा पडतो आणि चुरचुरतो. दुसरं कारण म्हणजे चाळिशी. चाळिशीच्या आसपास जवळचं अंधुक दिसू लागतं. मग आपण मोबाइल लांब धरतो, डोळे ताणतो आणि चष्मा काही लावत नाही. "या वयात चष्मा लावून मिरवते" असं कुणी म्हणेल म्हणून लाजू नका. आकडा नीट दिसला तर हिशोब नीट होतो.

मग करायचं काय? अंधारात पांघरुणाखाली मोबाइल बघू नका. खोलीतला दिवा लावा आणि पडद्याचा उजेड अगदी तळाला न नेता डोळ्यांना बरं वाटेल इतका ठेवा. अक्षर मोठं करा. मोबाइल हातभर लांब धरा. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब, अंगणापलीकडे बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा. जमलं तर दिवसा, बैठकीतच दोघींनी मिळून नोंदी भरा. एकीनं वाचायचं, दुसरीनं भरायचं. तेवढंच डोळ्यांचं ओझं वाटून घेतलं जातं आणि चूकही लगेच सापडते. हे सगळं करूनही एखाद्या मोबाइलवर डोकं दुखतच असेल, तर तेच काम आठवडाभर दुसऱ्या मोबाइलवर करून बघा.

एका डोळ्यानं कमी दिसणं, दिव्याभोवती रंगीत कडं दिसणं, अचानक डोळा दुखणं, डोळ्यांपुढे पडदा आल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. साखरेचा आजार असेल तर काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक प्रश्न सगळ्यांना विचारा: "तुझे डोळे शेवटचे कधी तपासले?" ज्यांचं उत्तर "कधीच नाही" असेल, त्यांनी मिळून एक दिवस ठरवा आणि एकाच गाडीनं जाऊन या. हिशोबाची वही आणि मोबाइल आपल्याच हातात राहू द्या.