विकत घेतलेला खेळ कोणाचा?

भोपाळच्या कोटरा सुल्तानाबाद वस्तीतील एखाद्या कुटुंबाने कॅरम विकत आणला, तर तो त्या घराचा होतो. मुले मोठी झाल्यावर तो शेजाऱ्यास देता येतो, विकताही येतो. दुकानदाराची त्यास हरकत नसते. त्याच घरात संगणकावरील खेळ पैसे मोजून घेतला, तर बहुधा हाती येतो तो वापरण्याचा परवाना. असा खेळ सहसा दुसऱ्यास विकता येत नाही. आणि दूरच्या सर्व्हरची संमती मिळाल्यावाचून कित्येक खेळ सुरूच होत नाहीत.

हे कुलूप नक्कल रोखण्यासाठी आले. पूर्वी काही खेळ मध्येच थांबून सोबतच्या पुस्तिकेतील एखादा शब्द विचारीत. पुस्तिका जवळ असली की काम भागे. आता किल्ली निर्मात्याच्याच हाती राहते. चोरट्या प्रतींमुळे निर्मात्याचे श्रम बुडतात, हे खरे. परंतु सर्व्हर बंद झाला की प्रामाणिक ग्राहकच दाराबाहेर राहतो. यूबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ साली आला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळणाऱ्यासही तो अंतरला.

भारतीय कायदा याबाबत दोन्हीकडे पाहतो. विक्रीकराच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली तबकडीवरील तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’च ठरविला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ अशा कार्यक्रमाची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास राखीव प्रत करण्याची मुभा देते. २०१२ साली आलेले कलम ६५अ, हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास सांगते. परंतु सर्व्हरच नाहीसा झाल्यावर राखीव प्रतीचा उपयोग कोणता?

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, केवळ परवाना देत असल्याचे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरण्यास विक्रेत्यांना मनाई आहे. हे योग्यच; तथापि सत्य सांगितल्याने बंद पडलेला खेळ चालू होत नाही. सर्व्हर मिटविताना निर्मात्याने त्यावाचून चालणारी आवृत्ती ग्राहकाच्या हाती द्यावी, अशी मागणी २०२४ पासून युरोपात जोर धरून आहे. निर्मात्याचे कुलूप चोरासाठी असावे. मूल्य देणाऱ्यास त्याच्याच घराबाहेर ठेवण्यासाठी नव्हे.